उज्ज्वलाचा सत्कार

साडेदहाला हॉलवर पोहोचायचं होतं आणि दहा वाजून गेले तरी उज्ज्वला ओट्यापाशी मेथी निवडत उभी होती. साडी नेसून झाली होती, मुलीच्या लग्नात घेतलेली आंबा कलरची. मी दाराशी चपला घालून दोनदा घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही जा. मी नाही येत."

मला हसू आलं. सत्कार तिचा होता. मी एकटा जाऊन काय करणार होतो, तिचा नारळ घेऊन परत येणार होतो?

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. उज्ज्वलाला जाऊन तीन. किडनीचं दुखणं होतं, दीड वर्ष चाललं. त्या दीड वर्षाबद्दल मी काही लिहिणार नाही. मला तो रविवारच जास्त आठवतो.

साताऱ्यात माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची. दिवसभर बसून काम, म्हणून पस्तिशीत सायकल धरली ती सुटली नाही. एक्कावन्नाव्या वर्षी मी रोज तीस किलोमीटर मारत होतो आणि रविवारी यवतेश्वरचा घाट. विडी-सुपारी नाही, पोट नाही, नाडी बावन्न. ही बावन्न नाडी मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोजायला लावायचो. उज्ज्वला म्हणायची, एक दिवस गिऱ्हाईक मोटार न देताच पळून जाईल.

चौदा-पंधरा जणांचं आमचं रविवार मंडळ होतं. नियम एकच, घाटात कुणी कुणासाठी थांबायचं नाही. ज्याला जसं जमेल तसं चढायचं, वर चहाच्या टपरीवर सगळ्यांनी भेटायचं. मागं राहिलेल्याला हाक मारली की तो लाजतो आणि लाजला की नको तेवढा जोर करतो, असं इनामदार सरांचं म्हणणं. सर शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर आणि मंडळाचे अध्यक्ष. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मात्र बायकांनीही डबे घेऊन वर यायचं, अशी पद्धत होती. उज्ज्वला दर वर्षी स्कूटीवर माझ्या मागून यायची, पायाशी पोह्यांचा डबा. ती पुढं गेलेली मला चालायची नाही. त्यामुळं मला दहा मिनिटं पुढं सोडून मग ती घरातून निघायची आणि तरी घाटात मला गाठायची. मग स्कूटी बाजूला लावून उगाच डोंगर बघत थांबायची. मला कळायचं, पण मी बोलायचो नाही.

त्या वर्षी तिसऱ्या वळणाच्या अलीकडं दिलीप बाबर मला ओलांडून गेला. जाताना म्हणाला, "शेडगे, आज चेन गंजली का पाय?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यानंतर मला आठवतं ते हॉस्पिटलचं छत.

माझं हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी नंतर कागदावर चित्र काढून समजावलं, की एक रक्तवाहिनी आतून बंद झाली होती, बाहेरून माणूस कितीही धडधाकट दिसला तरी हे होऊ शकतं. विजेचा झटका देऊन त्यांनी ते चालू केलं, पण तिथं पोहोचेपर्यंत कुणीतरी सतत छाती दाबत राहिलं म्हणून मेंदूला रक्त मिळालं. नाहीतर शेडगे, चालू करायला काही उरलंच नसतं, असं ते म्हणाले. छाती दाबताना डावीकडच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. त्या मोडल्या म्हणजे काम नीट झालं, असंही म्हणाले.

मी शुद्धीवर आलो तेव्हा खाटेभोवती सगळं मंडळ उभं होतं. दिलीप रडून सुजलेला. तो म्हणाला, "वहिनींनी वाचवलं रे तुला. वळणापासून दवाखान्यापर्यंत वहिनींनी छाती दाबली." उज्ज्वला खिडकीपाशी उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली.

घरी आल्यावर पुढचे दोन महिने मी हेच सांगत होतो. दुकानात येणाऱ्याला, दूधवाल्याला, फोनवर पाहुण्यांना. पूर्वी नाडी मोजायला लावायचो, आता बरगडी दाखवायचो. "ही आमच्या हिनं मोडली." लोक हसायचे. उज्ज्वला चहा ठेवायच्या निमित्तानं आत जायची. मंडळानं सत्कार ठरवला तेव्हा तिनं आधी मुलीकडं जायचं आहे म्हणून पुढं ढकलला, मग संक्रांतीचं कारण सांगितलं. मला वाटायचं, लाजते. चोवीस वर्षांच्या संसारात तिनं कधी चार माणसांपुढं तोंड उघडलं नव्हतं.

त्या रविवारी मेथीची जुडी संपली, तिनं हात धुतले आणि ओट्याला पाठ लावून उभी राहिली.

"छाती मी नाही दाबली," ती म्हणाली.

मी दाराशीच उभा होतो.

मग तिनं सांगितलं. वळणावर आली तर मी सायकलसकट आडवा. घशातून घरघर चाललेली, हात आखडलेले, डोळे वर गेलेले. माझा धाकटा भाऊ सुभाष, त्याला लहानपणापासून फिट यायची. उज्ज्वला लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईनं तिला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं की सुभाषला आली फिट की कातडी चप्पल नाकाला लावायची, घट्ट धरायची, येतो माणूस शुद्धीवर. तिनं ते किती वेळा केलं असेल आणि सुभाष दर वेळी उठून बसला असेल. तिला वाटलं, घरातलंच दुखणं, माझ्यातही निघालं. तिनं पायातली चप्पल काढली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन नाकाला दाबून धरली.

"किती वेळ?" मी विचारलं.

"मला काय माहीत किती वेळ. मी तुमच्या नावानं हाका मारत होते. घरघर थांबली तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, उतरली फिट." तिनं पदराला हात पुसले. "थांबली म्हणजे तुम्ही संपत होता. आणि मी नाकावर चप्पल धरून बसले होते."

तेवढ्यात वरून एक वडाप उतरत आलं, पठारावरच्या गावातून माणसं खाली आणणारी जीप. त्यातून एक बाई उतरली, गेटवर वॉचमन असतात तसल्या खाकी कपड्यातली, तिशीची असेल. तिनं माझ्या मानेला हात लावला आणि उज्ज्वलाच्या हातातली चप्पल काढून फेकून दिली. ही फिट नाही, श्वास गेलाय ह्यांचा, म्हणाली. मला रस्त्यावर सपाट पाडलं आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला लागली. चौघांनी मला जीपमध्ये घातलं तेव्हा ती दोन बाकांच्या मध्ये गुडघे टेकून बसली आणि साताऱ्यापर्यंत दाबत आली. ती दमली की उज्ज्वलाला म्हणायची, तोंडानं फुंकर घाला, बाई, रडू नंतर. दवाखान्याच्या दारात मला स्ट्रेचरवर घेतलं आणि ती बाई कुठं गेली ते उज्ज्वलानं बघितलं नाही.

"मग डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, छाती कुणी दाबली, तुम्ही? तोपर्यंत तुमचे मित्र आले होते, सगळे माझ्याकडं बघत होते. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता की मग तुम्ही काय केलं." तिनं माझ्याकडं बघितलं. "मी मान हलवली."

आता इथं मी काय म्हणालो ते लिहायला पाहिजे. मी म्हणालो, आता राहू दे. लोक जमलेत, हार आलेत, सर भाषण लिहून बसलेत. आज घे सत्कार, मग त्या बाईला शोधू आणि तिचाही करू. कुणाचं काय बिघडतं?

तिनं चपला घातल्या आणि निघाली. मला वाटलं, पटलं तिला.

हॉल भरला होता. पन्नास-साठ माणसं, पहिल्या रांगेत मंडळाच्या बायका. इनामदार सर बोलायला उभे राहिले आणि नेहमीप्रमाणं व्यायामाचं महत्त्व, सूर्यनमस्कार असं करत पंधरा मिनिटांनी मुद्द्यावर आले. आजच्या काळातली सावित्री, असं त्यांनी म्हटलं तेव्हा उज्ज्वला खुर्चीवरून उठली. सरांना वाटलं शालीसाठी उठली. त्यांनी घाईनं शाल उघडली. तिनं हात आडवा केला.

"सर, ती घडी करून ठेवा. मी ह्यांना चप्पल हुंगवली होती."

माइक सरांच्या पुढं होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तिनं स्वयंपाकघरात सांगितलं तेच सगळं सांगितलं, थोडक्यात.   मी खाली बघत होतो. शेवटी म्हणाली, ज्या बाईनं वाचवलं तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. एवढं बोलून ती उभीच राहिली. खाली बसावं की जावं हे तिला कळत नव्हतं. सरांनाही कळत नव्हतं.

मागून दिलीप बाबर उठला. "वहिनी, त्याच्या शेजारून मी पुढं गेलो. माझ्या मागून मोरे गेला. मोरेनं त्याला खाली बसलेला बघितला, म्हणाला, चेन बघत असेल. तुम्ही निदान थांबलात तरी." मग जरा वेळानं, "चप्पल कुणाची होती पण?"

"माझीच. नवी होती."

"तरी म्हटलं. ह्याची असती तर दगावलाच असता."

लोक हसले. उज्ज्वला हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले. सरांनी माझ्या कानात विचारलं, आता ह्या नारळाचं काय करायचं. मी म्हटलं, ठेवा.

हॉलमधून ती थेट वडापच्या स्टँडवर गेली. मी मागून. म्हटलं, घरी जाऊन साडी तरी बदल. ऐकेना. काळ्या रंगाची जीप, पुढच्या काचेवर लिंबू-मिरची, एवढंच तिला आठवत होतं आणि तशा तिथं चार जीपा होत्या. तिसऱ्या जीपचा ड्रायव्हर तिला बघून स्वतःच खाली उतरला. बाळू नावाचा, पोट सुटलेला माणूस. हात जोडून म्हणाला, "बाई, वाईट झालं हो त्या दिवशी. चांगला माणूस असणार. मी दहाव्याला येणार होतो, पण घर माहीत नव्हतं."

"हे काय, उभे आहेत," उज्ज्वला म्हणाली.

बाळूनं आधी माझ्या पायांकडं बघितलं. पाय सरळ आहेत हे बघून मग तोंडाकडं. मी जिवंत आहे हे त्याला पटवायला मला त्याचा हात हातात घ्यावा लागला. तो सांगायला लागला, दवाखान्याच्या दारात पेशंटचे पाहुणे उभे होते, त्यातलाच एक म्हणाला, संपलं म्हणे. आम्ही काय आत जाऊन बघतोय?

उज्ज्वलानं विचारलं, ती खाकी कपड्यातली बाई कोण?

"रेश्मा मुलाणी. एमआयडीसीत नटबोल्टच्या कंपनीत गेटवर असती. पण ती आता माझ्या गाडीला येत नाही. खाली मावशीकडं राहती." त्यानं डोकं खाजवलं. "घाट उतरायचा नाही म्हणती. पोरगं वरच आहे, सासूपाशी."

उज्ज्वलाला ते तेव्हा नीट कळलं नसावं. मलाही नाही. आम्ही रिक्षा केली.

कंपनीच्या गेटवर पत्र्याची केबिन होती. रेश्मा आत रजिस्टर लिहीत बसली होती. बारीक बाई, मनगटं माझ्या मुलीसारखी. एवढ्या मनगटांनी बरगड्या मोडल्या यावर माझा विश्वास बसेना. तिनं मान वर केली, उज्ज्वलाला बघितलं आणि उभी राहिली. खुर्ची मागं पडली.

"बाई, मी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. "कंपनीत शिकवल्यालं तसंच केलं. मला पोरगं आहे लहान."

उज्ज्वला गोंधळली. "काय केलं?"

"हाड मोडल्यालं मला कळलं हाताला. दोनदा. तरी मी दाबत राहिले. मला वाटलं दाबावंच लागतंय." ती आता आमच्या दोघांच्या मागं बघत होती, आणखी कुणी आलंय का ते. "पोलिसात जाणार असाल तर जावा. पण मी मारायला नव्हतं केलं."

तेव्हा आम्हाला कळलं. दोन महिने ही बाई आपल्या हातून माणूस मेला असं समजून जगत होती. तिसऱ्या वळणावरून रोज जायला नको म्हणून खाली राहिली होती, आणि चार वर्षांच्या पोराला आठवड्यातून एकदा भेटत होती. तेही आदल्या सुट्टीला जीव धजला नाही म्हणून गेली नव्हती. घरी सांगितलं होतं, ड्युटीची वेळ बदलली.

उज्ज्वलानं माझा दंड धरून मला पुढं ओढलं. "हे माझे मालक," ती म्हणाली.

रेश्मा माझ्याकडं बघत राहिली.

"तुमीच? भाऊबिऊ नव्हं?"

"मीच. डाव्या बाजूच्या दोन. खोकलं की अजून दुखतात."

ती मटकन स्टुलावर बसली. रडली नाही. बराच वेळ माझ्या शर्टाच्या बटणांकडं बघत होती. मग तिचा चेहरा बदलला आणि ती उज्ज्वलाला म्हणाली, "मग सांगायचं न्हाई का, बाई? एकदा कुणाकडनं निरोप धाडायचा. वडापवाल्याला सांगितलं असतं तरी मला कळलं असतं."

उज्ज्वलाला सांगता आलं असतं की नाव माहीत नव्हतं, पत्ता माहीत नव्हता. मी तेच सांगायला लागलो होतो. तिनं मला थांबवलं.

"शोधलंच नाही तुला," ती म्हणाली. "तू सापडली असतीस तर मी काय केलं ते सगळ्यांना कळलं असतं. चुकलं माझं."

 एक ट्रक आला, रेश्मानं उठून त्याचा नंबर लिहून घेतला, गेट उघडलं, लावलं. परत येऊन म्हणाली, तीनला सुटते मी.

आम्ही थांबलो. उज्ज्वला त्या आंबा कलरच्या साडीत केबिनबाहेर एका पालथ्या क्रेटवर बसून राहिली. कामगार येता-जाता बघत होते.  एकदा रेश्मानं आतून डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा आणून तिच्या हातावर ठेवला आणि उज्ज्वलानं ते खाल्लं. मला कुणी विचारलं नाही.

तीन वाजता उज्ज्वला म्हणाली, चल, पोराकडं जाऊ. रेश्मा नाही म्हणाली. पुढच्या सुट्टीला जाईन म्हणाली. उज्ज्वलानं तिच्या हातातली डब्याची पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि चालायला लागली, त्यामुळं तिला मागून यावं लागलं. स्टँडवर बाळूनं माणसं भरायची वाट न बघता आम्हा तिघांना घेऊन जीप काढली. घाट सुरू झाला तसं रेश्मानं डोळे मिटले आणि पुढचा दांडा धरला. पहिल्या वळणाला तिचे ओठ हलत होते. उज्ज्वला तिला चिकटून बसली होती.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडं उज्ज्वला म्हणाली, "बाळू, थांब." मग मला म्हणाली, "अहो, उतरा."

मी विचारलं, इथं कशाला?

"उतरा म्हटलं ना."

मी उतरलो. घाटात मी दोन महिन्यांत पाय ठेवला नव्हता, डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलं होतं. तिनं बोट दाखवलं त्या जागी, रस्त्याच्या कडेला, जाऊन उभा राहिलो. तिथं काही नव्हतं. खडी, वाळलेलं गवत. जीपच्या खिडकीत उज्ज्वला रेश्माच्या दंडाला धरून म्हणत होती, बघ, डोळे उघड, बघ तिकडं. रेश्मानं डोळे उघडले.

"आता चाला," उज्ज्वला मला म्हणाली.

मी चढाला लागलो. बरगडीत कळ येत होती आणि छातीत धडधडत होतं, पण ते चालत होतं. हळूहळू वळण आलं. मागं बाळू पहिल्या गिअरमध्ये जीप आणत होता, माझ्याच गतीनं, आणि खिडकी उघडी होती.

"थांबू का?" मी विचारलं.

"अजून थोडं," उज्ज्वला म्हणाली.